डिसेंबरअखेर चार दिवस टेक्सासला आहोत. नाताळची रोषणाई, रँच आणि तिथलं संगीत एकाच फेरीत कुठे मिळेल?

सॅन अँटोनियोत मुक्काम करा आणि तिथून गाडीने 'हिल कंट्री' हा जवळचा टेकड्यांचा भाग पाहा, तिन्ही गोष्टी तिथेच जमतात. मी ऑस्टिनला राहतो आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांना याच भागात नेतो. सॅन अँटोनियोच्या रिव्हर वॉकवर नदीकाठची झाडं दिव्यांनी लगडलेली असतात आणि ही रोषणाई नव्या वर्षातही काही दिवस टिकते. जॉन्सन सिटीची रोषणाईही चुकवू नका. गाव लहान, पण झाडाच्या फांदीफांदीवर दिवे. तिथून जवळच स्टोनवॉलला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची रँच आहे. ती आता राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात आहे, हिअरफर्ड जातीची गुरं अजूनही चरतात आणि आपली गाडी आतून फिरवता येते. घोड्यावर बसायचं असेल तर बॅन्डेराच्या रँचवर एक रात्र राहा. जेवण आणि रपेट बहुधा भाड्यातच असते. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा, नाहीतर ताटात मांसच येईल.

संगीतासाठी:
- ग्रीन हॉल (Gruene Hall), न्यू ब्राउनफेल्स: 1878 चा लाकडी डान्स हॉल. एकच जागा जमणार असेल तर हीच.
- लुकनबाख: फ्रेडरिक्सबर्गजवळ, झाडाखाली गिटारवाल्यांचं कोंडाळं.

मात्र 25 डिसेंबर आणि 1 जानेवारीला जॉन्सन रँच बंद असते आणि नाताळच्या दिवशी बरीच जेवणाची हॉटेलंही, म्हणून ते दिवस रिव्हर वॉकसाठी ठेवा.