लेन्समधून गेल्यावर लेझरचं काय होतं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सर, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं लेझर कटिंगचं छोटं युनिट आहे. युनिफॉर्मचं कापड झकास कापतं, पण १० एमएम ॲक्रिलिकचा काठ तिरका यायलाय. लेन्स २ इंची आहे. पॉवर वाढवू का?

उत्तर: पॉवरला हात लावू नका, लेन्स बदलून बघा. तुमचं मशीन सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) लेझरचं, म्हणजे वेव्हलेंथ (लहरीची लांबी) १०.६ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग), बीम साधारण ६ एमएम जाड धरला तर २ इंची लेन्स (म्हणजे जिचा फोकस २ इंचावर येतो ती) त्याला ०.११ एमएमपर्यंत बारीक करते, पण तो तसा बारीक राहतो जेमतेम २ एमएम उंचीत आणि मग परत फाकतो, म्हणून कापडाला चालतं आणि १० एमएमला काठ तिरका होतो. ४ इंची लावली की ठिपका दुप्पट होतो पण बारीक राहायची उंची चौपट, पावणेआठ एमएमच्या आसपास. फोकस शीटच्या वरच्या पृष्ठभागावर न ठेवता थोडा आत घ्या, आणि लेन्स बदलल्यावर बेड तेवढा खाली न्यायला विसरू नका. बारीक कोरीवकामाला मात्र २ इंचीच बरी.

प्रश्न: मी बारावीला आहे. पुस्तकात किरण फोकसला एका बिंदूत मिळतात, मग लेझरचा बिंदू का नाही होत?

उत्तर: प्रकाश लहर आहे म्हणून. लहर कितीही आवळली तरी एका मर्यादेनंतर पसरतेच. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती ही, की लेन्सवर जितका रुंद बीम पाडाल तितका ठिपका बारीक येतो! म्हणून बऱ्याच मशीनमध्ये आधी बीम एक्सपांडर लावून बीम मुद्दाम रुंद करतात.

प्रश्न: लेन्स पिवळी दिसते, खराब झाली का? साधी काच बसवली तर?

उत्तर: सीओटू लेझरची लेन्स झिंक सेलेनाइडची असते आणि त्याचा रंगच पिवळा असतो. साधी काच या लेझरची वेव्हलेंथ शोषून घेते, तापून तडकेल. धूर बसलेली लेन्सही तापते आणि फोकस सरकतो, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लेन्स टिश्यूने हलक्या हाताने पुसा, फुगीर बाजू वर ठेवूनच बसवा. फुटली तर तुकडे उघड्या हाताने उचलू नका, भुकटी विषारी असते.

प्रश्न: मिरवणुकीतला लेझर डोळ्यात गेला तर?

उत्तर: डोळ्यातली लेन्स तो बीम डोळ्याच्या पडद्यावर (रेटिनावर) १०-२० मायक्रॉनच्या ठिपक्यात आणते, तीव्रता लाखभर पट होते आणि दुखतसुद्धा नाही. नंतर मधोमध डाग दिसायला लागला तर घरी थेंब टाकत बसू नका, त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरांना दाखवा.