कुंडीखालची सुईसारखी गोगलगाय

प्रश्न : खानापूर तालुक्यात जांबोटीजवळ आमचे घर आहे. या पावसाळ्यात परड्यातल्या अबोलीच्या कुंड्या हलवल्या, तेव्हा त्यांच्या बुडाशी निमुळत्या, पिवळसर, जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर लांबीच्या गोगलगायी चिकटलेल्या दिसल्या. ही आफ्रिकन गोगलगायीची पिले आहेत, मीठ टाकून मारा, असे शेजारी सांगतात. सहा रिकामे शंख काडेपेटीतून पाठवत आहे. ही कोणती जाती आणि ती कोणत्या कुळात मोडते?
– एक वाचक, जांबोटी

उत्तर : आपण शंख कापसात गुंडाळून पाठवलेत, त्यामुळे पाच धड पोहोचले. सहाव्याचे मुख फुटले आहे, पण ओळख पटवण्याच्या कामी तोच सर्वांत उपयोगी पडला.

आधी शेजाऱ्यांची शंका पाहू. आफ्रिकन गोगलगाय १८४७ मध्ये विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून कोलकात्यास आणली आणि तिथून ती देशभर पसरली, त्यामुळे तिची धास्ती वाटणे योग्यच आहे. मात्र तिचे पिल्लू आठ-नऊ मिलिमीटरचे असते तेव्हा त्याचा शंख फुगीर असतो, त्याला तीन-चारच वेढे असतात आणि त्यावर बहुधा तपकिरी पट्टे उमटू लागलेले असतात. आपल्या शंखांची उंची तेवढीच असली तरी भिंगातून मोजल्यावर वेढे सुमारे सात भरले आणि रुंदी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आहे. लहान शंखात इतके वेढे असणे म्हणजे तो प्राणी पिल्लू नसून वाढ पुरी होत आलेला आहे.

आता फुटका शंख. गोगलगायीच्या शंखात मधोमध एक खांब असतो, त्याला स्तंभिका म्हणतात. सुब्युलिना ऑक्टोना ही अशीच निमुळती जाती जगभर कुंड्यांतून पसरलेली आहे, पण तिची स्तंभिका मुखाशी तिरपी छाटल्यासारखी तुटक असते आणि जिवंत प्राण्याच्या पातळ शंखातून आतली पांढरी अंडी मण्यांसारखी दिसतात. सह्याद्रीच्या पालापाचोळ्यात आढळणाऱ्या ग्लेसुला या प्रजातीचीही (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) स्तंभिका तशीच छाटलेली असते. तिचे शंख चकचकीत तपकिरी असतात. आपल्या शंखात स्तंभिका न तुटता मुखाच्या कडेत मिसळते, शंख मेणासारखा पिवळट व अर्धपारदर्शक आहे आणि वेढ्यांवर वाढीच्या बारीक उभ्या रेषा आहेत. या लक्षणांवरून ही ॲलोपीआस ग्रॅसिले असावी, असे माझे मत आहे.

या जातीचे वर्णन थॉमस हटन यांनी १८३४ मध्ये भारतातल्या नमुन्यांवरून केले आणि तिला बुलिमस प्रजातीत ठेवले. ॲलोपीआस ही प्रजाती बेकर यांनी १९३५ मध्ये मांडली. म्हणूनच ग्रंथांत या नावापुढे ‘हटन, १८३४’ हे शब्द कंसात छापतात. जातीची प्रजाती पुढे बदलली, एवढाच त्या कंसाचा अर्थ. कुळाची गोष्ट मला स्वतःला फार आवडते. पूर्वी या निमुळत्या गोगलगायींचे सुब्युलिनिडी हे वेगळे कुळ मानत, पण डीएनएच्या अभ्यासानंतर त्यांना ॲकॅटिनिडी कुळात घेतले गेले, आणि आफ्रिकन गोगलगायही त्याच कुळातली आहे. म्हणजे शेजारी सांगतात तशी ही तिची पिले नसली, तरी भाऊबंद नक्कीच आहेत.

मीठ मुळीच टाकू नये, त्याने अबोलीची मुळे जळतील. ही गोगलगाय मुख्यतः कुजका पाला खाते. कोवळी रोपे कुरतडलेली दिसली तरच कुंड्या उचलून बुड कोरडे होऊ द्यावे. मात्र गोगलगायींच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातल्या कृमीची पिल्ले असू शकतात, म्हणून त्यांना हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि परड्यातली पालेभाजी नीट निवडून, धुऊनच शिजवावी.

ॲलोपीआसच्या जवळच्या जाती शंखावरून एकमेकींपासून वेगळ्या काढणे अवघड असते, तिथे प्राण्याची जननेंद्रिये तपासावी लागतात. त्यासाठी दोन-तीन जिवंत गोगलगायी परड्यातूनच घ्याव्यात, भीमगड अभयारण्याच्या हद्दीतून उचलू नयेत. पाण्याने काठोकाठ भरलेल्या बंद बाटलीत रात्रभर ठेवल्या की त्यांचे अंग बाहेर सैल पडते. मग त्या सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात. आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घालावी, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. काडेपेटीवर आपण नुसते ‘परडे’ असे लिहिले आहे. त्या कुंड्यांत माती घरची आहे की रोपे बाहेरून विकत आणलेली आहेत, तेही या चिठ्ठीत लिहावे.