सोसायटीच्या कमिटीत नवीन आलायस म्हणून सांगतो

थकबाकीची नोटीस तू लिहिणार असशील तर एक ध्यानात ठेव, लोक पैशापेक्षा शब्दावरून जास्त पेटतात. "मेंटेनन्स थकलाय, व्याज लागतंय" म्हटलं की माणूस फार तर कुरकुर करतो, कारण ते रजिस्टरमध्ये तपासता येतं. पण "फुकट राहता" म्हटलंस की संपलं, ते त्याच्या बाकीबद्दल नसतं, त्याच्याबद्दल असतं, आणि ते खोटं आहे हे सिद्ध करायला त्याच्याकडे कुठली पावती असणार सांग? मग तो ओरडतोच.

त्यात ग्रुपवर टाकलंस तर अजून वाईट, चारचौघांत मान गेली, बायको वाचते, पोरगं वाचतं. तेच वाक्य जिन्यात हळू आवाजात ऐकून घेतो बरं का माणूस! टाईप केलेल्याला आवाज नसतो ना, वाचणारा आपल्या मूडचा आवाज लावतो, आधीच ऑफिसात बोलणी खाऊन आलेला असेल तर बघायलाच नको.

"तुम्ही लोक" हे दोन शब्द तर टाळच. भाडेकरूंना, नॉनव्हेजवाल्यांना, परप्रांतीयांना असं म्हटलं की आधी कुणी कुणी हिणवलेलं असतं ते सगळं तुझ्या खात्यावर जमा होतं, तुझा हेतू काय होता ते कोण विचारतो मग.

आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांत, थकबाकीवर ठरलेल्या मर्यादेपर्यंत सरळव्याज लावता येतं, आणि तरी नाहीच भरलं तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 154 ब-29 खाली वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करायचा अधिकृत आदेश, मागता येतो. एवढं हातात असताना टोमणे कशाला मारायचे? आकडा लिही, तारीख लिही, "श्री." आणि "आपण" ठेव, विशेषणं काढ. आणि हो, रात्री अकराला काही पाठवू नकोस.