१८२८ च्या आयर्लंडमधील क्लेअर परगण्याच्या पोटनिवडणुकीत आयरिश कॅथलिक नेते डॅनियल ओकॉनेल उमेदवार कसे होऊ शकले? कायद्याने बंदी नव्हती का?

कॅथलिक व्यक्तीने निवडणूक लढवण्यास कायद्याची बंदी नव्हती. बंदी होती ती निवडून आल्यावर ब्रिटिश संसदेत बसण्यास, कारण त्यासाठी जी शपथ घ्यावी लागे ती कॅथलिक श्रद्धेच्या थेट विरोधात होती. विद्यमान खासदार व्हेसी फिट्झजेराल्ड मंत्री झाल्यामुळे, तेव्हाच्या नियमानुसार, त्यांना पुन्हा कौल घेणे भाग होते आणि ही फट ओकॉनेल यांनी अचूक हेरली. मतदान गुप्त नव्हते. एनिस गावात जमीनदारांच्या देखत, जमिनीवरून हुसकावले जाण्याचा धोका पत्करून कुळांनी उघडपणे मत दिले, आणि निकाल २,०५७ विरुद्ध ९८२ असा ओकॉनेल यांच्या बाजूने लागला; या निवडणुकीतले खरे धैर्य मला तरी या कुळांचेच वाटते. आयर्लंडमध्ये यादवी पेटेल या धास्तीने पंतप्रधान वेलिंग्टन यांच्या ब्रिटिश सरकारने १८२९ मध्ये कॅथलिकांना संसद खुली करणारा कायदा केला. मात्र तो आधीच्या निवडणुकांना लागू नव्हता. त्यामुळे मे महिन्यात सभागृहात पुढे केलेली जुनी शपथ ओकॉनेल यांनी वाचली, तीतील एक विधान असत्य असल्याचे आपण जाणतो आणि दुसरे आपल्याला असत्य वाटते असे सांगून नाकारली, आणि जुलैत ते क्लेअरमधूनच बिनविरोध पुन्हा निवडून आले. एक गोष्ट मात्र विसरू नये: त्याच वेळी आयर्लंडच्या परगण्यांत मताधिकारासाठीची जमिनीच्या वार्षिक मूल्याची अट ४० शिलिंगांवरून (म्हणजे २ पौंडांवरून) १० पौंडांवर नेण्यात आली आणि ज्यांनी हा विजय मिळवून दिला त्या गरीब कुळांपैकी बहुतेकांचे मतच गेले.