गणित कच्चं आहे म्हणून बुद्धिबळाचा क्लास लावू का?

कोल्हापुरातल्या जवाहरनगरातनं एका ताईंचं पत्र आलंय, आधी थोडक्यात सांगतो. मुलगा सहावीत, वय 11. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत शिफ्टला, ताई घरी शिवणकाम करतात. मे महिन्याच्या सुट्टीत पोरगं कागलला आजोळी गेलं, तिथं आजोबांनी पट मांडून बुद्धिबळ शिकवलं आणि तेव्हापासनं शाळेतनं आलं की मोबाईलवर तेच चालू. गणितात काठावर पास. एका क्लासवाल्यांनी ताईंना सांगितलं की महिना अडीच हजार भरा, दोन वर्षांत रेटिंग (खेळाडूच्या ताकदीचा अधिकृत आकडा) येतं, गणित आपोआप सुधारतं आणि पुढं खेळाडूंच्या कोट्यातनं नोकरी. ताई विचारतात, हे खरं आहे का, अकराव्या वर्षी उशीर झाला का, आणि ह्याच्यात करिअर आहे का.

ताई नमस्कार. गणिताचं आधी बोलतो कारण तुमचा जीव तिथंच अडकलाय. खरं सांगायचं तर बरीच वर्षं मीपण पालकांना हेच सांगायचो की बुद्धिबळ लावा, डोकं तल्लख होतं, गणित सुधारतं. ऐकायला पटतं ना, 64 घरं, मोजून चाली, म्हणजे गणितच की. पण नंतर वाचत गेलो तसं लक्षात आलं की आपण ऐकीव गोष्ट पुढं ढकलत होतो. इंग्लंडमध्ये ह्याची मोठी चाचणी झाली, 100 शाळा, चार हजारांच्या आसपास मुलं, वय साधारण 9-10, म्हणजे तुमच्या लेकापेक्षा थोडी लहान. निम्म्या शाळांत वर्गाच्या वेळेतच बुद्धिबळ शिकवलं, 30 तास, आणि मग वर्षभरानं सगळ्यांचं गणित तपासलं. 2016 साली निकाल आला, दोन्हीकडच्या मुलांत फरक काहीच नाही. मुलांना खेळ आवडला, पण गणितात त्यानं एक मार्क वाढला नाही.

असं का, तर ह्याचं उत्तर त्याच्याही आधीच्या एका प्रयोगात आहे. 1973 साली अमेरिकेत दोन संशोधकांनी, एकाचं आडनाव सायमन आणि दुसऱ्याचं चक्क चेस, मुरलेल्या खेळाडूंना खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला आणि झाकून म्हणले आता आठवून मांडा. पट्टीच्या खेळाडूनं बराचसा बरोबर मांडला, नवशिक्याला चार-पाच मोहरे जेमतेम आठवले. मग त्यांनी तेच मोहरे पटावर कसेही विस्कटून ठेवले आणि परत दाखवलं, तर पट्टीच्या खेळाडूची सगळी हवा गेली, तोपण जवळपास नवशिक्याएवढाच. म्हणजे त्याची स्मरणशक्ती वाढली होती असं नाही, त्याला बुद्धिबळ ओळखीचं झालं होतं. गुजरीतला सराफ दागिना हातात घेऊन कस सांगतो म्हणून त्याला ज्वारीची पारख येत नाही, तसंच हे.

मग खेळायचंच कशाला? खेळायचं, जरूर खेळायचं, पण कारण वेगळं.

आपल्याकडं कुस्तीतपण डाव असतो आणि बुद्धिबळातपण डावच असतो. तालमीत नवीन पोरगं गेलं की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी धोबीपछाड शिकवत नाही, माती उकरायला लावतो, जोर-बैठका काढायला लावतो आणि आपटून घ्यायला शिकवतो. बुद्धिबळात आपटून घ्यायची एक खासियत आहे, इथं फाशांचं दान नाही, पत्ता वाईट आला म्हणायची सोय नाही, पंचानं चुकीचं दिलं असंही सहसा नाही, मैदान ओलं नव्हतं, पार्टनर कच्चा नव्हता. हरलास तर तूच हरलास, आणि कुठल्या चालीला हरलास ते कागदावर लिहिलेलं असतं. पेठेतला फुटबॉल बघून मोठं झालेल्या आपल्या पोरांना हे जड जातं, कारण तिथं हरल्यावर शिव्या घालायला रेफ्री असतो (आणि आपण घालतोच).

आता एक नेहमीचा प्रकार सांगतो, तुमच्या लेकाचंही बहुतेक हेच चालू असेल. मोबाईलवर नवीन पोरं चार चालीत मात करायचा डाव शिकतात. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग उंट तिरका बाहेर, मग वजीर थेट पटाच्या कडेला, आणि समोरचा गाफील असला की वजीर जाऊन त्याच्या राजाशेजारच्या उंटापुढचं प्यादं खातो आणि खेळ खलास. ते प्यादं सुरवातीला एकट्या राजाच्या भरवशावर असतं, वजिराला मागनं उंटाचा जोर असतो, म्हणून राजा त्याला खाऊ शकत नाही. दहा डाव असे मिळाले की पोरगं हवेत. मग एखादा बेरकी भेटतो, तो वेळेवर घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवून वजिराला हुसकावतो, मग घोडा बाहेर काढून परत वजिरावर येतो, ह्याचा वजीर पळतोय पळतोय आणि तेवढ्यात त्याचे सगळे मोहरे बाहेर. आणि हरल्यावर पोरगं काय करतं? परत खेळू म्हणून बटण दाबतं. मोबाईलचा तोटा मला विचाराल तर डोळ्यांपेक्षा ह्या बटणाचा जास्त आहे, हरल्यावर जे दोन मिनिटं गप्प बसून बघायला पाहिजे ते बघायच्या आत दुसरा डाव चालू झालेला असतो.

म्हणून क्लासच्या आधी एक शंभरपानी वही आणा. आठवड्यात तीन डाव बास, पण प्रत्येक बाजूला 15 मिनिटं तरी वेळ ठेवून, ते तीन मिनिटांचे डाव अजिबात नकोत. चाली वहीत लिहायच्या, लांब वेळेच्या स्पर्धेत तसंही लिहाव्याच लागतात. हरला की त्यानंच शोधायचं की कुठं फसलं, आणि त्या चालीपुढं स्वतःच्या शब्दात एक ओळ लिहायची. माझ्याकडं एक मुलगा यायचा, त्याच्या वहीत पानापानावर एकच वाक्य, ‘मी माझंच बघत होतो, त्याचा उंट बघितलाच नाही’. नऊ-दहा वेळा तेच लिहून लिहून शेवटी त्याला स्वतःचंच हसू आलं आणि मग तो चाल करायच्या आधी समोरच्यानं काय केलंय ते बघायला लागला.

आता गणित. हीच वही उलटी करा आणि मागच्या बाजूनं गणिताचा पेपर घ्या, जेवढी चुकली तेवढीच. कुठल्या पायरीला फसलं, तिथं एक ओळ. बुद्धिबळातनं ही सवय आपोआप गणितात उतरत नाही, ती तिकडं उचलून न्यावी लागते आणि अकरा वर्षांच्या पोराला ते एकट्याला जमत नाही, तुम्हाला किंवा त्याच्या बाईंना शेजारी बसावं लागेल. पण जर अपूर्णांकच डोक्यात बसले नसतील तर अडीच हजारातले हजार गणिताच्या शिकवणीला घाला, हे मी स्पष्टच सांगतो.

उशीर झाला का ह्याचं उत्तर कशासाठी ह्यावर आहे. गुकेश बाराव्या वर्षी ग्रँडमास्टर (बुद्धिबळातला सगळ्यात मोठा किताब) झाला आणि 2024 च्या डिसेंबरात अठराव्या वर्षी जगज्जेता. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख 2025 च्या जुलैत बटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला वर्ल्ड कप जिंकली तेव्हा 19 वर्षांची होती, भारताची 88 वी ग्रँडमास्टर. ही सगळी अकराव्या वर्षी आपल्या वयोगटात मोठ्या स्पर्धा खेळत होती. त्या रस्त्याला म्हणाल तर हो, उशीर झाला. चांगला खेळाडू व्हायला उशीर बिलकुल नाही.

आणि एक गंमत. तुम्ही लिहिलंय की आजोबा आणि नातवाचं भांडण होतं, आजोबा म्हणतात प्यादं पहिल्यांदासुद्धा एकच घर चालतं, मोबाईल दोन घरं सोडतो. दोघंही बरोबर आहेत हो! आजोबा आपल्या देशी नियमानं खेळतात, त्यात राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते, किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) नसतो. पंजाबातले मीर सुलतान खान ह्याच देशी खेळावर वाढलेले, विलायती नियम मोठेपणी शिकले आणि 1929 ला ब्रिटिश चॅम्पियन झाले, पुढं 1932 आणि 1933 लाही. फिडेनं, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेनं, त्यांना मानद ग्रँडमास्टर केलं ते 2024 साली, मेल्यावर कितीतरी वर्षांनी. हे आजोबांना वाचून दाखवा.

करिअरचं थोडक्यात. ग्रँडमास्टर व्हायला 2500 रेटिंग आणि तीन नॉर्म (ठरलेल्या दर्जाच्या स्पर्धेत तेवढी मोठी कामगिरी) लागतात, त्यासाठी गावोगावी नाही तर देशोदेशी फिरावं लागतं आणि तो खर्च घराला पेलला पाहिजे. नुसतं रेटिंग म्हणजे नोकरी नव्हे. मार्च 2024 पासनं फिडेचं रेटिंग 1400 पासनंच सुरू होतं, त्याच्या खाली मिळतच नाही, म्हणून दोन वर्षांत येईल का हे फी भरण्यावर नाही तर रेटेड खेळाडूंशी कसा खेळतो त्यावर आहे. महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे हे खरं, पण कुठलंही सर्टिफिकेट चालत नाही, कुठल्या स्पर्धेतला कितवा नंबर चालतो ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, क्लासवाल्यांना नको. रेल्वे, तेल कंपन्या खेळाडू घेतात, आपला कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेतच आहे, पण तो ऑलिंपिकचं पदक आणणारा नेमबाज, त्या पातळीचं खेळावं लागतं. शिकवणं आणि पंचाची परीक्षा देऊन स्पर्धांचं काम बघणं हे दोन मार्ग मात्र साध्या खेळाडूलाही मोकळे असतात. आपल्या कोल्हापूरच्या ऋचा पुजारी वुमन इंटरनॅशनल मास्टर आहेत, सांगलीच्या स्वाती घाटे वुमन ग्रँडमास्टर, आणि सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं तेव्हापासनं ह्या भागात स्पर्धांना तोटा नाही.

तर अडीच हजारांचा क्लास आत्ता नको. रोल होणारा पट आणि प्लास्टिकचे मोहरे आणा, पहिले पंधरा दिवस नुसती प्यादी आणि राजा घेऊन खेळायला लावा, मग एकट्या राजाला दोन हत्तींनी मात, मग वजिरानं मात (इथं समोरच्याला चालच उरली नाही आणि शह पण नाही असं झालं तर डाव बरोबरीत सुटतो, पोरं रडतात, रडू द्या). लिचेस ह्या वेबसाईटवर सराव फुकट आहे, जाहिराती पण नाहीत. शाळेच्या पीटीच्या सरांना विचारा, शालेय स्पर्धेत 14 वर्षांखालच्या गटात नाव घालता येतं का. ह्या स्पर्धा स्विस पद्धतीनं असल्या तर आणखी बरं, कुस्तीसारखं चितपट झाला की बाहेर असं नसतं, हरला तरी पुढच्या फेरीत त्याच्यासारखाच हरलेला समोर येतो आणि सगळ्या फेऱ्या खेळायला मिळतात.

तिथनं आल्यावर किती जिंकलास ते विचारू नका, वहीत काय लिहिलंस ते विचारा. सहा महिन्यांनी वही भरलेली असली आणि तरी त्यालाच अजून शिकायचं असलं तर मला परत लिहा, तेव्हा क्लासचं बघू.