कॅलिफोर्नियात सांता क्लारा काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कोर्टात पैशांचा दावा जिंकलो. समोरच्याचं घर अलमेडा काउंटीत आहे. त्यावर बोजा आपोआप चढतो का?

नाही चढत. याच गैरसमजात माझे पैसे अडकले होते, म्हणून कळकळीने लिहितोय.

कॅलिफोर्नियात निकाल राज्यभर चालतो, पण घराजमिनीवरचा बोजा काउंटीपुरताच. काउंट्या ५८, आणि प्रत्येकीचं रेकॉर्डर ऑफिस (मालमत्तेच्या कागदांची नोंद ठेवणारी कचेरी) वेगळं. कोर्टाच्या क्लार्ककडून 'ॲबस्ट्रॅक्ट ऑफ जजमेंट' म्हणजे निकालाचा गोषवारा (फॉर्म ईजे-००१) शिक्का मारून घ्यायचा आणि ज्या ज्या काउंटीत हरलेल्याची मालमत्ता आहे किंवा पुढे होऊ शकते, तिथे तिथे नोंदवायचा. टपालानेही चालतं.

स्वयंपाकघराच्या कामाचा ॲडव्हान्स बुडवणाऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरविरुद्ध मी स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, जिंकलो. नोंद केली फक्त सांता क्लारात. त्याचं घर ट्रेसीला, म्हणजे सॅन वाकीन काउंटीत. चार महिन्यांत त्याने ते विकलं. तिथल्या नोंदीत माझं नावच नव्हतं, मग टायटल कंपनी (व्यवहाराआधी मालकी आणि बोजे तपासणारी कंपनी) मला कशाला विचारेल? त्यानंतर मी आजूबाजूच्या तीन काउंट्यांत कागद पाठवले. दोन वर्षांनी त्याने मोडेस्टोला घर घेतलं. स्टॅनिस्लॉस काउंटीत माझी नोंद आधीच होती, त्यामुळे घर त्याच्या नावावर झालं त्याच क्षणी बोजा लागला. घर घेतानाचं बँकेचं कर्ज फेडीच्या क्रमात माझ्या पुढेच राहिलं, पण तो रिफायनान्स करायला, म्हणजे जुन्या कर्जाच्या जागी नवं घ्यायला, गेला तेव्हा टायटल कंपनीचा मला फोन आला. मुद्दल आणि वर्षाला १० टक्के सरळव्याज, सगळं मिळालं.

आपल्या सातबाऱ्यावर बोजा गटाच्या उताऱ्यावर दिसतो. इथे रेकॉर्डरची अनुक्रमणिका माणसाच्या नावावर चालते. म्हणून नावाचं स्पेलिंग डीडवर (घराच्या खरेदीखतावर) आहे तसंच हवं. तो दोन नावं वापरत असेल तर दाव्यातच दोन्ही घाला, नंतर निस्तरणं फार जड जातं.

निकालाची मुदत १० वर्षं. ती संपायच्या आत कोर्टात नूतनीकरण करा आणि त्याची प्रमाणित प्रत प्रत्येक काउंटीत पुन्हा नोंदवा, नाहीतर बोजा गळून पडतो. घर दुसऱ्या राज्यात असेल, तर आधी तिथल्या कोर्टात हा निकाल दाखल करावा लागतो.

नोंदीचा शिक्का असलेल्या सगळ्या प्रती जपून ठेवा. पैसे मिळाल्यावर निकाल फिटल्याचा जो फॉर्म द्यावा लागतो, त्यात कुठल्या कुठल्या काउंटीत नोंद केली होती ते लिहावं लागतं.