वाचकांचे प्रश्न : एका दिवसात पिसा, लुक्का आणि सिएना?

प्रश्न : आम्ही उभयता नुकतेच निवृत्त झालो असून ऑक्टोबरमध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सला चार रात्री मुक्काम करणार आहोत. त्यातला एक दिवस रेल्वेने पिसा, लुक्का आणि सिएना ही तिन्ही गावे पाहून रात्री परतावे, असा बेत आहे. सौ.ला गुडघेदुखीचा त्रास आहे आणि आम्ही दोघेही शाकाहारी आहोत. हे जमेल का? रेल्वेची तिकिटे इथूनच काढून ठेवावीत का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सिएना वगळा. पिसा आणि लुक्का फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला एकमेकांना लागून आहेत, तर सिएना दक्षिणेला, डोंगरावर आहे आणि त्याचे स्थानक डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिन्ही गावांचा हट्ट धरलात तर दिवसभरात फलाटच अधिक पाहून व्हाल.

उरलेल्या दोन गावांत आधी लुक्का आणि मग पिसा, असा क्रम ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक जण उलट करतात. पिसाचा झुकता मनोरा पाहून झाला की दमतात आणि लुक्काला तासाभरात उरकतात. सकाळी साडेआठच्या सुमारास फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला या मुख्य स्थानकावरून निघालात, तर दहाच्या आसपास लुक्काला पोहोचाल. फलकावर मात्र ‘लुक्का’ शोधत बसू नका. तिथे गाडीचे शेवटचे स्थानक लिहिलेले असते आणि लुक्कामार्गे जाणाऱ्या बहुतेक गाड्या पुढे समुद्रकाठच्या व्हियारेज्जो गावापर्यंत जातात. ‘बिनारिओ’ म्हणजे फलाट आणि ‘रितार्दो’ म्हणजे उशीर, एवढे दोन शब्द लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम भागते.

या साध्या प्रादेशिक गाड्यांचे भाडे ठरलेले असते आणि आसन आरक्षित नसते, त्यामुळे इथून तिकीट काढून काहीच वाचत नाही. आधी काढण्याचा फायदा वेगवान गाड्यांना आहे. कागदी तिकीट मात्र गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवून घ्यावाच लागतो आणि मोबाइलवरच्या तिकिटाला प्रवासाआधी ‘चेक-इन’ करावे लागते. पहिल्या खेपेला खिशात तिकीट असूनही मी शिक्क्याविना बसलो आणि तपासनिसासमोर हातवारे करून शेवटी मुकाट्याने दंड भरला.

लुक्काचे स्थानक तटाच्या अगदी बाहेर आहे. गावाभोवतीचा हा तट चार किलोमीटरहून थोडा अधिक लांब असून सोळाव्या-सतराव्या शतकांत बांधलेला आहे. किल्ल्यांच्या तटावरून फिरणे आपल्याला नवे नाही, पण हा तट इतका रुंद आहे की त्यावर झाडांच्या रांगा आणि सायकली फिरतील असा सपाट रस्ता आहे, म्हणून गुडघ्यांना तो सोसतो. त्याच्यावर शत्रू कधी चालून आला नाही. कामाला आला तो 1812 च्या पुरात, वेशी बंद करून पाणी बाहेर अडवताना. खाली उतरल्यावर रोमन रंगमंडलाच्या पायावर उभ्या राहिलेल्या घरांनी वेढलेला लंबवर्तुळाकार चौक पाहावा आणि मग सान मार्तिनो कॅथेड्रलमध्ये जावे. तिथे 1405 साली वारलेल्या, लुक्काच्या सत्ताधीशाची पत्नी असलेल्या इलारिया देल कारेत्तोची, याकोपो देल्ला क्वेर्चाने घडवलेली संगमरवरी समाधी आहे. समाधीवर इलारियाची मूर्ती झोपल्यासारखी पहुडली आहे आणि पायाशी बसलेला छोटा कुत्रा मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे पाहतो आहे. तिच्या पतीच्या घराण्याचा, माथ्यावर झाडे वाढलेला ग्विनीजी मनोरा जवळच आहे. मात्र त्याच्या दोनशेहून अधिक पायऱ्या सौ.नी चढू नयेत.

जेवताना सावध राहावे. लुक्काचे ‘तोर्देल्ली’ दिसायला करंजीसारखे निरागस असतात, पण आत मांसाचे सारण असते. भाज्यांच्या सुपातही मांसाचे पाणी असू शकते, तेव्हा विचारून घ्यावे. परमेझान चीजमध्ये वासराच्या जठरातले विरजण असते, हेही कडक शाकाहारींनी ध्यानात ठेवावे. निर्धास्त खावी अशी गोष्ट म्हणजे पिसाची ‘चेचिना’ : हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ एवढ्याचेच, भट्टीत भाजलेले बेसनाचे धिरडे. वर मिरपूड घातली की परदेशात घरचे खाल्ल्यासारखे वाटते.

दोनच्या सुमारास लुक्काहून पिसाची गाडी धरा आणि मुख्य स्थानकाच्या आधीच्या सान रोस्सोरे या छोट्या स्थानकावर उतरा, कारण मनोरा तिथून दहा मिनिटांच्या आत आहे. परतताना नदी ओलांडून जुन्या बाजारपेठेतून सावकाश मुख्य स्थानक गाठावे. तिथून फ्लॉरेन्स सुमारे तासाभरावर आहे आणि गाड्या रात्री उशिरापर्यंत असतात.

प्रश्न : पिसाचा मनोरा झुकलेला असताना त्यावर पर्यटकांना चढू देणे सुरक्षित आहे का? वर जाण्यात विशेष काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सुरक्षित आहे. 1173 साली काम सुरू झाले आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या सुमारास दक्षिणेकडची मऊ चिकणमाती खचू लागली. युद्धांमुळे काम जवळपास शंभर वर्षे थांबले, हे मनोऱ्याचे नशीबच म्हणायचे, कारण तेवढ्या काळात माती दबून घट्ट झाली. अखंड काम चालले असते तर तो तेव्हाच कोसळला असता, असे अभियंते मानतात. 1990 ते 2001 या काळात तो बंद ठेवून उत्तरेकडच्या पायाखालची माती थोडी-थोडी काढण्यात आली आणि माथा सुमारे चाळीस सेंटीमीटर मागे आला. अधिक सरळ करता आला असता, पण मग तिथे कोण आले असते!

चढण्यासाठी ठरावीक वेळेचे तिकीट असते. ते मात्र आधी काढावे. पिशव्या खाली ठेवाव्या लागतात, आठ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही आणि लिफ्टही नाही. चढताना पायऱ्यांकडे पाहावे. संगमरवराला पडलेला खळगा कधी आतल्या भिंतीकडे, तर कधी बाहेरच्या भिंतीकडे सरकत जातो, कारण मनोरा ज्या बाजूला कलतो, त्या बाजूला चढणाऱ्याचा पाय आपोआप पडतो.